गिटार प्रो ८: रिफ सुचल्यानंतरचं काम

मेटल बँडच्या गिटारवाल्याला चाहत्याने गाठलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आधी काय सुचतं, शब्द की चाल? उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच मिळतं: रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा. पुढचा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही, आणि गाणं होतं की नाही ते तिथेच ठरतं. सुचलेला रिफ ठेवता कुठे, आणि त्याचं चार-पाच मिनिटांचं गाणं करता कसं? मेटालिकाच्या कर्क हॅमेटने २०१५ मध्ये सांगितलं होतं की त्याचा फोन हरवला आणि त्यातल्या अडीचशेच्या आसपास कल्पना गेल्या, कारण बॅकअप नव्हता. त्याचं त्यावाचून निभावलं. आपल्याकडे असतात सहा, त्याही व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोटमध्ये.

फ्रान्सच्या आरोबास म्युझिकचं गिटार प्रो हे या दुसऱ्या प्रश्नावरचं जुनं उत्तर आहे. पहिली आवृत्ती १९९७ ची, सध्याची आठवी २०२२ ची. टॅब लिहा, म्हणजे कुठल्या तारेवर कुठला फ्रेट (गिटारच्या मानेवरची पट्टी) दाबायचा त्याचे आकडे, त्याच्यावर नोटेशन आपोआप उमटतं, आणि स्पेसबार दाबला की लिहिलेलं वाजतं. गिटार, बेस, ड्रम, की-बोर्ड, गळा, हवे तेवढे ट्रॅक एकाखाली एक. विंडोज आणि मॅकवर चालतं, लिनक्सवाल्यांना सहाव्या आवृत्तीनंतर वाली नाही. इथे त्याचा विचार फक्त मेटलची गाणी बांधणाऱ्याच्या बाजूने केला आहे. फिंगरस्टाइल वाजवणाऱ्याचा किंवा नोटेशन शिकवणाऱ्या मास्तरांचा हिशेब वेगळा.

साधा गॅलप, म्हणजे घोड्याच्या टापांसारखी लय, घेऊ: एक आठांश आणि दोन सोळांश, टेम्पो १६०, सहावी तार मोकळी, पाम म्यूटसकट (तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबणं). नवीन फाईल, सहा तारांचा डिस्टॉर्शन गिटार ट्रॅक, ट्यूनिंग ड्रॉप डी, म्हणजे सहावी तार ई वरून डी वर उतरवलेली. कर्सर सहाव्या तारेवर, शून्य दाबा. स्वराची लांबी अधिक-उणेच्या कळांनी कमी-जास्त होते. एक बीट लिहून झाला की तो निवडायचा, नक्कल करायची, बार भरायचा, मग अख्खा बार निवडून पी दाबायची. पाम म्यूट शेवटी आणि एकदमच द्यावा. स्वर लिहिता लिहिता देत गेलात तर तीन तारांच्या कॉर्डमध्ये एका तारेवर खूण पडते, दोन तशाच घुमत राहतात, आणि रिफ घाण का वाजतोय ते अर्धा तास सापडत नाही. चौथ्या बीटवर तिसऱ्या फ्रेटचा पॉवर कॉर्ड हवा असेल तर खालच्या तिन्ही तारांवर ३, तेवढ्यावरची पाम म्यूटची खूण काढायची आणि अॅक्सेंट द्यायचा. हा अॅक्सेंट विसरू नका. एरवी सगळे फटके एकाच जोराचे वाजतात आणि गॅलप घोड्यासारखा न पळता शिवणयंत्रासारखा चालतो.

दोन आकडी फ्रेट लिहिताना हात रेंगाळला तर गडबड होते. १२ लिहायला जावं आणि उमटावा २. एक-दोन दिवसांत बोटांना सवय होते. बारमध्ये मात्रा कमी-जास्त झाल्या की प्रोग्रॅम लाल रंगात दाखवतो, आणि तो लाल रंग दिसला की पुढे जाऊ नये. पहिल्या बारमध्ये एक सोळांश कमी राहिला तर दहाव्या बारपर्यंत ड्रम आणि गिटार एकमेकांना ओळखेनासे होतात.

ट्यूनिंगचा भाग चांगला केला आहे. सात तारांची, आठ तारांची गिटार, बेसचे प्रकार, स्वतःचं ट्यूनिंग, सगळं मिळतं. लिहून झाल्यावर ट्यूनिंग बदललं तर स्वर तेच ठेवून फ्रेटचे आकडे हलवता येतात किंवा आकडे तेच ठेवून स्वर उतरवता येतात. गाणं जड करायचं असेल तर दुसरा पर्याय. पहिला चुकून निवडला तर ड्रॉप डीमध्ये सहाव्या तारेवरचा प्रत्येक ० म्हणजे २ होतो, आणि मोकळ्या तारेवर बेतलेला रिफ हातात बसेनासा होतो. गिटार उतरवली की बेसही उतरवायचा, डी ए डी जी. नवख्यांच्या फायलींमध्ये बेस हमखास स्टँडर्डमध्ये राहिलेला असतो.

पण इथेच हे सॉफ्टवेअर पहिली थाप मारतं. त्याच्या गिटारला तार नाही, त्यामुळे ताणही नाही. ड्रॉप सीमधला (सहावी तार सीपर्यंत उतरवलेल्या ट्यूनिंगमधला) खालचा सी त्यावर घट्ट वाजतो, त्याहून खालचा ए वाजवा, तरी तितकाच घट्ट. खऱ्या गिटारवर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ई म्हणजे ८२.४ हर्ट्झ, सी म्हणजे ६५.४. तीच तार सीपर्यंत उतरवली की ताण ६३ टक्क्यांवर येतो. १०-४६ च्या सेटमधली (जाडी इंचाच्या हजारांशात) ४६ ची तार मग फ्रेटवर आपटते, जोरात मारली की तिचा सूर क्षणभर वर चढतो, आणि पाम म्यूट ढगळ लागतो. मूळचा ताण परत हवा तर जाडी सव्वापटीहून थोडी जास्त, म्हणजे ५६ ते ५८ ची तार लागते, आणि ती बसवताना नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच व इंटोनेशनही (वरच्या फ्रेटवर सूर बरोबर लागतो का ते) बघावं लागतं. ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गिटार दीड स्वर उतरवली ती आवाजासाठी होती, तशीच बोटांसाठीही. कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली होती, तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात तोच, आणि सैल तारा दाबायला सोप्या जात. मेटलमधलं खालचं ट्यूनिंग जन्मापासून तारेच्या ताणाशी बांधलेलं आहे. स्क्रीनवर लिहिणाऱ्याला तो ताण जाणवतच नाही, म्हणून प्रत्येक रिफ लिहून झाला की खऱ्या गिटारवर वाजवून बघणं भाग आहे.

बोटांचंही तेच. पहिला आणि पंधरावा फ्रेट एकाच वेळी दाबायला सांगा, प्रोग्रॅम हूं की चूं न करता वाजवतो. ड्रॉप डीमध्ये सहाव्या तारेचा सातवा फ्रेट आणि मोकळी पाचवी तार एकच स्वर देतात, पण जाड तारेवरचा आवाज गडद आणि पाम म्यूटला बरा. हा फरक सॉफ्टवेअरमध्ये फिका लागतो, अॅम्पवर ठळक. बाहेरून मिडी फाईल (आवाज नसलेली, फक्त स्वरांची नोंद असलेली) आणली तर कुठला स्वर कुठल्या तारेवर हे प्रोग्रॅम अंदाजाने ठरवतो, आणि तो अंदाज गिटारवाल्याचा नसतो. तसले टॅब हाताने पुन्हा मांडावे लागतात.

ड्रमकडे येऊ, कारण मेटलचं गाणं लिहिताना निम्मा वेळ तिकडेच जातो. गिटारवाल्याला ड्रम लिहायला लावणारं साधन म्हणून गिटार प्रोला चांगले गुण द्यावे लागतील. ड्रमसेटचं चित्र समोर येतं, तुकडा निवडायचा, टाकायचा. जुन्या लोकांना आकडे पाठ असतात: ३६ किक, ३८ स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट, ४६ उघडा, ४९ क्रॅश, ५१ राइड. हे जनरल मिडीचे आकडे आहेत आणि पुढे मिडी करून दुसऱ्या ड्रम प्लगइनमध्ये नेताना ते कामी येतात. नेल्यावर क्रॅशच्या जागी टॉम वाजला तर लिहिण्यात चूक नाही, त्या प्लगइनचा मॅप, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठला तुकडा ही यादी, वेगळा आहे. तिथे जनरल मिडीचा मॅप निवडायचा.

ड्रमरला दोन हात आणि दोन पाय असतात, ही गोष्ट मात्र सॉफ्टवेअरला माहीत नाही. म्हणून लिहून झाल्यावर एक तपासणी करावी: कुठल्याही एका उभ्या रेषेवर हाताचे दोनपेक्षा जास्त फटके नकोत. हाय-हॅटवर सोळांश चालू, त्यावर स्नेअर, शिवाय क्रॅश, म्हणजे तीन हात झाले. क्रॅशच्या जागचा हाय-हॅट काढला की बहुतेक प्रश्न सुटतात. मग वेग. २२० च्या टेम्पोवर डबल बेसचे (दोन्ही पायांनी वाजवायच्या किकचे) सलग सोळांश म्हणजे सेकंदाला साधारण १५ फटके, एकेका पायाला सातच्या वर. दोन बार कुणीही ओढेल. सोळा बार लिहिलेत तर जॅमरूममध्ये तासाचं भाडं चालू असताना ड्रमर तुमच्याकडे कसं बघेल त्याची कल्पना करा. आणि सगळे फटके एकाच जोराचे ठेवू नका. ब्लास्ट बीटमध्ये (किक आणि स्नेअरच्या अतिवेगवान माऱ्यात) स्नेअर किकपेक्षा किंचित हलकी, घोस्ट नोट, म्हणजे जेमतेम ऐकू येणारा फटका, खरोखर घोस्टच, एवढं केलं तरी ड्रममध्ये जीव येतो.

ब्रेकडाउनसाठी, म्हणजे गाण्यातल्या जड, संथ भागासाठी, टेम्पो १८० वरून ९० वर आणायची नवख्यांना फार हौस. त्याची गरज नसते. टेम्पो तोच ठेवा आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरची स्नेअर फक्त तिसऱ्यावर न्या. कानाला निम्मा वेग लागतो, क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) मात्र एकसंध राहते आणि रेकॉर्डिंगला त्रास होत नाही. खरोखरच हळूहळू घसरत जाणारा शेवट हवा असेल तर टेम्पोचं ऑटोमेशन आहे, ते नीट चालतं.

या सॉफ्टवेअरची सगळ्यात मोठी अडचण कळायला एक उदाहरण घ्यावं लागेल. स्वीडनच्या मेशुगा या मेटल बँडच्या वाटेने जाणारा रिफ घ्या: गिटार सात आठांशांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवते, ड्रमरचा हात मात्र सरळ चार मात्रांवर. चार बारमध्ये ३२ आठांश. सात चोक अठ्ठावीस, उरले चार. ते चार आठांश शेपटी म्हणून लावले की पाचव्या बारच्या समेवर सगळे एकत्र येतात. आठ बारचा फेरा घेतला तर ६४ पैकी ६३ मध्ये नऊ आवर्तनं बसतात आणि एकच आठांश उरतो. शेपटी न लावता तसंच चालू द्यायचं असेल तर सात बारनंतर, आठ आवर्तनं झाल्यावर, आपोआप सम येते. तिहाईचा हिशेब ज्याने एकदा बोटांवर केला आहे त्याला यात नवीन काही नाही.

आता हे गिटार प्रोमध्ये लिहा. टाइम सिग्नेचर सगळ्या ट्रॅकना एकच लागते. गिटारला ७/८ आणि ड्रमला ४/४ असं एकाच वेळी देता येत नाही. मग सगळं ४/४ मध्ये लिहायचं, तर सात आठांशांच्या तुकड्याची नक्कल चिकटवताना बारच्या सीमा आड येतात. दुसरं आवर्तन पहिल्या बारच्या शेवटच्या आठांशावर सुरू होतं, आणि रिफमध्ये एक चतुर्थांश जरी असला तरी तो केव्हातरी बारच्या रेषेवर येऊन आदळतो. तिथे त्याचे दोन तुकडे करून एल कळीने टाय (दोन तुकडे एकच लांब स्वर म्हणून जोडणारी खूण) द्यावी लागते. उपाय एवढाच की आधी कागदावर मोजणी करायची, चारही बार एकदा हाताने भरायचे आणि पुढे चार-चार बारचीच नक्कल मारायची. तुकड्याची सुरुवात कुठे होते ते दिसावं म्हणून तिथे अॅक्सेंट द्यावा. हे सगळं जमतं, पण इतक्या वर्षांच्या आणि पैसे मोजून घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे इतकं हाताने करावं लागणं पटत नाही. नुसता ७/८ मात्र छान लिहिता येतो, आठांशांची जोडणी २-२-३ की ३-२-२ तेही ठरवता येतं, आणि ते ठरवावं, कारण ड्रमर तेच वाचतो.

गाण्याची बांधणी दिसण्यासाठी खालच्या बाजूला सगळ्या ट्रॅकचा आडवा नकाशा असतो, जिथे काही लिहिलंय ते चौकोन रंगीत. बारवर इंट्रो, व्हर्स, कोरस अशी नावं देता येतात. हा नकाशा मेटलवाल्यांच्या एका जुन्या खोडीवर औषध आहे: अकरा रिफ एकापुढे एक ठेवायचे आणि त्याला गाणं म्हणायचं. नकाशात कुठलंच नाव दुसऱ्यांदा येत नसेल तर गाणं नाही, रिफांची मिसळ झाली आहे. उलटा धोका नक्कल-चिकटवाचा. चार वेळा येणारा रिफ चारही वेळा तंतोतंत तोच. चौथ्या वेळी शेवटचे दोन बीट बदला, ड्रमला एक फिल द्या, नाहीतर गिटार तोडून नुसता बेस ठेवा.

आवाजाबद्दल थोडक्यात. नमुने घेतलेल्या आवाजांचं इंजिन, अॅम्प आणि इफेक्टची साखळी, सगळं आहे. कल्पना ऐकायला पुरेसं आहे, लोकांना ऐकवायला नाही. तोच ट्रॅक नक्कल करून एक डावीकडे एक उजवीकडे टाकला तर रुंदी येत नाही, नुसता आवाज वाढतो. दुसऱ्या ट्रॅकला वेगळा अॅम्प द्या, गेन थोडा कमी करा. बाहेरचे प्लगइन आत चालत नाहीत, ही दुसरी मोठी उणीव. चांगले ड्रम आणि अॅम्प हवे असतील तर मिडी बाहेर काढून रीपरसारख्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं.

आठव्या आवृत्तीत आलेला ऑडिओ ट्रॅक मात्र कामाचा आहे. फोनवर गुणगुणलेला किंवा वाजवलेला रिफ थेट फाईलमध्ये आणायचा आणि त्याच्याखाली टॅब लिहायचा. फोनवरचं वाजवणं क्लिकवर नसतं, तिसऱ्या बारपर्यंत ते सरकतं, तेव्हा प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर सिंक पॉइंट (ऑडिओ आणि बार जुळवणारी खूण) बसवावा लागतो. आठ बारला पाच-दहा मिनिटं पुरतात. एका फाईलमध्ये ऑडिओ ट्रॅक एकच मिळतो, त्यामुळे याला रेकॉर्डिंगचं साधन समजून घेऊ नका. व्हॉइस नोट कुजू न देता तिचा टॅब करायचा, एवढ्यासाठी हा ट्रॅक आहे आणि तेवढं काम तो चोख करतो.

शब्दांची सोय आहे, पण तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. गळ्यासाठी वेगळा ट्रॅक घ्या. ग्राउलच (गुरगुरल्यासारखं गाणं) असेल तर सगळे स्वर एकाच सुरावर ठेवा, लय तेवढी खरी लिहा, आणि ऐकताना ट्रॅक बंद करा. शब्द लिहिताना मोकळी जागा आणि आडवी रेघ यांनी तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा एका स्वराखाली बसतो. मराठीत लिहिणाऱ्याने हे तुकडे अक्षरं मोजून न पाडता उच्चारावर पाडावेत. ‘अंधार’ कागदावर तीन अक्षरांचा, तोंडात दोनच ठोक्यांचा: अं-धार. तीन स्वर दिलेत तर गायक शेवटचा र ओढतो आणि शब्द परका वाटतो. गॅलपवर तीन ठोक्यांचा शब्द हवा असेल तर ‘अंधारी’ घ्या.

फाईल बँडला पाठवताना लक्षात ठेवा की नवी फाईल पाचव्या-सहाव्यासारख्या जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि पाचवी आवृत्ती अजून कित्येकांच्या संगणकावर आहे. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना पीडीएफ आणि एमपी३ पाठवा, ड्रमरसाठी गिटार वगळून वेगळा एमपी३ काढा. म्युझिक एक्सएमएल या नोटेशनच्या सामायिक फाईल प्रकारातून नेताना स्वर पोचतात, पण बेंड (तार ओढून सूर चढवणं) आणि इफेक्टचे बारकावे वाटेत गळतात.

किंमत साधारण ७० डॉलर, एकदाच. महिन्याचं भाडं नाही, ही आजच्या काळात मोठी गोष्ट. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असावा लागतो. फुकटात टक्सगिटार आणि म्यूजस्कोर आहेत. म्यूजस्कोरमध्ये गिटार प्रोच्या फायली उघडतात आणि नोटेशन देखणं होतं, पण टॅब भराभर टाकायचा वेग या दोघांनाही इतका नाही. फक्त इतरांचे टॅब वाचून सराव करायचा असेल तर टक्सगिटार पुरेल. स्वतःचं लिहायचं, ड्रमसकट लिहायचं आणि बँडमधल्या चौघांना समजावायचं असेल तर गिटार प्रोचे पैसे वसूल होतात. ज्यांना थेट गिटार हातात घेऊन रेकॉर्ड करत करतच सुचतं त्यांनी तेच पैसे रीपरच्या ६० डॉलरच्या परवान्यात घालावेत.

घेण्याआधी चाचणीच्या मोफत दिवसांत तुमचा सर्वात अवघड रिफ निवडा, दोन गिटार, बेस आणि ड्रम यांचे आठ बार लिहा, आणि त्याचा पीडीएफ ड्रमरच्या हातात द्या. त्याने ‘हे वाजवायला तिसरा हात आण’ म्हटलं तर ड्रमचा भाग आधी दुरुस्त करा, पैसे भरायचं नंतर बघा.